जुन्या नाण्यांचा शोध आणि त्यांची स्वच्छता : धातुशोधक यंत्राच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

प्राचीन इतिहासाच्या साधनांमध्ये शिलालेख, ताम्रपट आणि वाङ्मय यांच्या बरोबरीने नाण्यांना स्थान दिले जाते. सातवाहन काळाच्या बाबतीत तर हे स्थान अधिकच महत्त्वाचे ठरते. पुराणांमधील राजावळ्यांत राजांची नावे आणि त्यांची राज्यवर्षे यांचा मेळ जेथे बसत नाही, तेथे अभ्यासकाला नाण्यांकडेच वळावे लागते. परंतु शिलालेख आणि नाणे यांत एक मूलभूत भेद आहे. शिलालेख ज्या कातळावर कोरला त्या कातळावरच राहतो. नाणे मात्र हातोहात फिरण्यासाठीच जन्माला आलेले असते. ते कोठे सापडले, कोणत्या वस्तूंच्या सोबतीने सापडले आणि सापडल्यानंतर त्याचे काय झाले, या तीन प्रश्नांची उत्तरे हरवली की नाण्याची साक्ष निम्म्याने दुबळी होते.

महाराष्ट्रात जुनी नाणी मिळतात ती बहुधा योगायोगाने. घराचा पाया खणताना, विहिरीचे काम चालू असताना, नांगराच्या फाळाला मडके लागल्याने, किंवा जुन्या गावठाणाच्या पांढरीवर पहिला जोराचा पाऊस पडून माती वाहून गेल्यानंतर. पैठण, तेर, नेवासे, भोकरदन या स्थळांच्या पांढरीतून अशी असंख्य नाणी वर आलेली आहेत. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने उभ्या असलेल्या वस्तुसंग्रहालयाचा पायाच एका व्यक्तीने वर्षानुवर्षे जमविलेल्या अशा अवशेषांचा आहे. या योगायोगाला आता धातुशोधक यंत्राची जोड मिळाली आहे. हे यंत्र घेऊन शेतात, माळावर, गढीच्या परिसरात फिरणे पाश्चात्त्य देशांत, विशेषतः इंग्लंडमध्ये, एक प्रतिष्ठित छंद मानला जातो. आपल्याकडे त्याचा संबंध अजूनही ‘गुप्तधना’शी जोडला जातो, आणि गुप्तधनाचा शोध म्हटला की नारळ, लिंबू व अमावास्या ओघाने येतात. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाने केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, यावरून या समजुतीची मुळे किती खोल आहेत हे ध्यानात येते.

प्रस्तुत लेखात यंत्राने वा योगायोगाने सापडलेल्या नाण्याची स्वच्छता करावी की नाही, या एका प्रश्नाचा विचार केला आहे. प्रश्न वरकरणी घरगुती वाटतो. वस्तुतः तो इतिहासाच्या साधनाच्या अस्तित्वाशी निगडित आहे.

जोगळटेंभीचा निधी काय सांगतो

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या नाणेनिधीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. या निधीत चांदीची सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी होती. ती मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची. प्रत्येकी वजन सुमारे २ ग्रॅम. एका बाजूस राजाचा मुखवटा व त्याभोवती ग्रीक लिपीतील अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. एका बाजूस चैत्य अथवा त्रिकूट पर्वत, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह.

गौतमीपुत्राने क्षहरातांचा नायनाट केल्याचे त्याची माता बलश्री हिच्या नाशिक येथील लेण्यातील शिलालेखात सांगितलेले आहे. परंतु शिलालेख हा विजेत्याच्या कुटुंबाचा गौरवलेख होय. त्यात अतिशयोक्तीला वाव असतो. जोगळटेंभीच्या नाण्यांनी या विधानाला वस्तुरूप पुरावा दिला. शत्रूचे चलन न वितळविता, त्यावरच आपला ठसा मारून ते पुन्हा बाजारात आणण्याची ही कृती राजकीय आणि आर्थिक अशा दोन्ही अर्थांनी सूचक आहे. नाणी वितळवून नव्याने पाडण्याइतका अवधी वा सोय नसावी, अथवा पराभूत राजाच्या मुखवट्यावर आपले चिन्ह उमटलेले लोकांनी पाहावे, असा हेतू असावा. दोन्ही शक्यतांचा विचार करता येतो, तो केवळ एकाच कारणाने. नव्या ठशाखाली जुन्या ठशाच्या खुणा शिल्लक आहेत. कोठे नहपानाच्या नाकाची रेघ, कोठे ग्रीक अक्षराचा तुकडा, कोठे बाणाचे टोक. या खुणा अत्यंत उथळ असतात. त्या नाण्याच्या पृष्ठभागावर असतात, नाण्याच्या पोटात नव्हे. अशा नाण्यावर आम्लाचा वा खरखरीत ब्रशाचा प्रयोग झाला तर सर्वांत आधी नाहीशी होते ती हीच खूण. उरते ते एक चकचकीत चांदीचे नाणे, आणि त्यावर एकाच राजाचा पुसट ठसा.

या निधीतून निघणारा दुसरा निष्कर्ष अधिक सूक्ष्म आहे. त्यात नहपान आणि गौतमीपुत्र यांच्याखेरीज अन्य राजाची नाणी मिळाली नाहीत. यावरून या दोघांच्या दरम्यान त्या प्रदेशावर तिसऱ्या कोणाचे राज्य नसावे, असे अनुमान अभ्यासकांनी काढले. एखादी गोष्ट ‘नाही’ यावर आधारलेले हे अनुमान आहे, आणि असे अनुमान काढण्याचा अधिकार निधी एकत्र राहिला तरच मिळतो. सापडणाऱ्यांनी त्यातील मूठमूठ नाणी वाटून घेतली असती, सोनाराच्या मुशीत घातली असती, तर ‘नाही’ असे म्हणण्याची सोयच उरली नसती. सोनाराच्या मुशीत गेलेल्या निधींची गणती कोणीच ठेवलेली नाही.

वजनाचाही मुद्दा येथेच नोंदवावा. नाशिकच्या लेणे क्रमांक १० मधील उषवदाताच्या शिलालेखात ७० हजार कार्षापण म्हणजे २ हजार सुवर्ण, असा हिशेब आलेला आहे. म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण. त्या काळातील सोने व चांदी यांच्या परस्पर मूल्याचा विचार या आकड्यावरून करावयाचा तर तत्कालीन चांदीच्या नाण्यांची वजने विश्वसनीय असली पाहिजेत. २ ग्रॅमच्या नाण्यातून स्वच्छतेच्या नावाखाली ०.२ ग्रॅम धातू गेला तर दहा टक्क्यांची चूक थेट हिशेबात शिरते.

यंत्र काय शोधते आणि काय शोधत नाही

धातुशोधक यंत्राचे तत्त्व विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे आहे. यंत्राच्या तबकडीतील एका वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडला जातो. त्यामुळे निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते आणि तेथे धातूची वस्तू असल्यास तिच्यात भोवरी प्रवाह निर्माण करते. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते व त्याचे ध्वनीत रूपांतर होते. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरील उपकरण वापरून पाहिले होते. गोळी सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधण्यासाठी या यंत्राचा विकास झाला आणि युद्धानंतर ते छांदिष्टांच्या हाती आले.

एकटे नाणे सामान्य यंत्राला साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच जाणवते. मोठे मडके असेल तर त्याहून खाली. दख्खनच्या पठारावर आणखी एक अडचण आहे. येथील माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली असून तिच्यात लोहयुक्त चुंबकीय खनिजांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे जमीन स्वतःच यंत्राला प्रतिसाद देते आणि नाण्याचा क्षीण आवाज त्यात बुडून जातो. इंग्लंडच्या शेतात जे यंत्र सहज काम करते ते आपल्या काळ्या रानात गोंधळते, हा अनुभव त्यामुळेच येतो.

तथापि यंत्राची खरी मर्यादा खोलीची नाही. यंत्र धातू दाखविते, संदर्भ दाखवीत नाही. नाण्याभोवतीचे खापराचे तुकडे, राखेचा थर, चुन्याची जमीन, कापडाचा कुजलेला अवशेष यांतील काहीच त्याला ‘ऐकू’ येत नाही. यंत्र वाजले की माणूस खणतो, आणि खणताना नेमके तेच उधळले जाते जे यंत्राने सांगितले नव्हते.

दोन इंग्रजी उदाहरणे

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन या गावी एरिक लॉज हे निवृत्त गृहस्थ एका परिचित शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत होते. त्यांना सोन्याचांदीची नाणी व चमचे लागले. थोडी नाणी काढल्यावर त्यांनी खणणे थांबविले व अधिकाऱ्यांना कळविले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी जागा ताब्यात घेऊन शास्त्रीय उत्खनन केले. सुमारे १५ हजार रोमन नाणी व सोन्याचांदीच्या अनेक वस्तू मिळाल्या. एवढेच नव्हे, तर त्या ज्या लाकडी पेटीत ठेवल्या होत्या तिच्या आतील मांडणीही उलगडता आली. (हातोडाही नंतर सापडला; तोही ब्रिटिश म्युझियममध्ये जपलेला आहे.)

दुसरे उदाहरण सॉमरसेट परगण्यातील फ्रोम या गावाजवळचे. एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प यांना यंत्राच्या साहाय्याने जमिनीत मडक्याचे तोंड व नाणी दिसली. त्यांनी खड्डा पुन्हा बुजविला आणि तज्ज्ञांना बोलाविले. त्या एका मडक्यात ५२,५०३ नाणी होती. वजन सुमारे १६० किलो. वेळ अपुरा असूनही उत्खनन करणाऱ्यांनी एक साधी पण मोलाची दक्षता घेतली. मडके एकदम रिकामे न करता नाणी थराथराने काढून वेगवेगळ्या पिशव्यांत भरली. पुढे नाणी ओळखली गेली तेव्हा असे दिसून आले की, निधीतील सर्वांत अलीकडच्या, म्हणजे इ. स. २८६ ते २९३ या काळात ब्रिटनवर सत्ता गाजविणाऱ्या कॅरॉसियसच्या नाण्यांचा मोठा भाग मडक्यात वर नव्हे, तर निम्म्याहून खाली होता. वर्षानुवर्षे बचत करून मडके भरले असते तर अलीकडची नाणी वर आली असती. अर्थात मडके एकाच वेळी भरले गेले. यातूनच हा निधी संकटकाळी पुरलेला ठेवा नसून देवतेला केलेले अर्पण असावे, असा तर्क पुढे आला. तो मान्य करावा वा न करावा; परंतु तो करता आला, कारण नाणी धुण्याच्या आधी त्यांची जागा नोंदविली गेली होती. धुण्या-वाळविण्याचे काम त्यानंतर ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत झाले.

या दोन्ही प्रसंगांत निर्णायक ठरले ते सापडणाऱ्याचे थांबणे. यंत्र दोघांकडेही होते; त्याचे श्रेय दुय्यम आहे.

कळंक, गंज आणि साक्ष

आपल्या घरांत तांब्यापितळेच्या भांड्यांना कळंक चढू देत नाहीत. चिंच, लिंबू, राख, अलीकडे तयार पावडर यांनी भांडी लख्ख करणे हा गृहस्थाश्रमाचा संस्कार आहे आणि भांड्यांपुरता तो योग्यच आहे. कळकलेले अन्न बाधते. नाणे हाती आल्यावर हाच संस्कार नकळत पुढे सरसावतो. सापडलेली शिवराई पहिल्या तासाभरात चिंचेच्या कोळात पडते, ती यामुळेच. त्यामागे वाईट हेतू नसतो. नाण्यावरचा थर हा मळ आहे, अशी समजूत असते.

हा थर मळ नसतो. तांब्याचे नाणे शतकानुशतके जमिनीत राहिले की त्याच्या पृष्ठभागावरील धातूचे रूपांतर प्रथम लालसर ऑक्साइडमध्ये व त्यावर हिरव्या कार्बोनेटमध्ये होते. हे रूपांतर सावकाश व समप्रमाणात झाले असेल तर नाण्याची अक्षरे व चिन्हे या क्षारांच्या थरातच टिकून राहतात. दुसऱ्या शब्दांत, मूळ पृष्ठभाग आता धातूचा नसून खनिजाचा असतो. आम्लाने हा थर विरघळविला म्हणजे अक्षरांवरील आवरण निघत नाही. अक्षरेच निघून जातात आणि खाली खडबडीत, खळगे पडलेला धातू उरतो. नाणे आधीपेक्षा चकचकीत आणि आधीपेक्षा मुके होते.

प्रत्येक धातूचा स्वभाव वेगळा. सोन्याच्या नाण्याला मातीत फारसे काही होत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून माती सुटली की पुरे. चांदीचे नाणे सहसा शुद्ध चांदीचे नसते, त्यात तांबे मिसळलेले असते. मातीत राहून पृष्ठभागाजवळचे तांबे आधी झिजते आणि बाहेरचा पातळ थर चांदीने समृद्ध होतो. क्ष-किरणांच्या साहाय्याने पृष्ठभागावरून धातूचे प्रमाण मोजणारी उपकरणे या थरामुळे आधीच थोडी फसतात. त्यात कोणी नाणे किती आणि कशाने घासले हे ठाऊक नसेल तर मिळालेल्या आकड्याचा अर्थ लावणे अवघड होते. चांदीतील तांबे हिरव्या क्षारांच्या रूपाने वर येऊन संपूर्ण नाणे तांब्याचे भासू शकते. असे नाणे ‘तांब्याचे’ म्हणून फेकले गेल्यास आश्चर्य नाही.

शिशाच्या नाण्यांचा विचार आपल्याकडे विशेष अगत्याने व्हावयास हवा. सातवाहनांनी आणि कोल्हापूर परिसरातील कुर राजांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली. शिसे मऊ असते; साध्या ब्रशानेही त्यावर ओरखडे उठतात. त्याहून घातक म्हणजे सेंद्रिय आम्ले. व्हिनेगरमधील आम्ल शिशाला झपाट्याने खाते. इतकेच काय, बंद लाकडी कपाटात लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनेही शिशाची नाणी हळूहळू पांढऱ्या भुकटीत रूपांतरित होतात. महाविद्यालयीन संग्रहांतील सुबक सागवानी पेट्या तांब्याच्या वा चांदीच्या नाण्यांना फारशा बाधल्या नाहीत तरी शिशाच्या नाण्यांना त्या सुरक्षित मानता येत नाहीत.

येथवरच्या विवेचनावरून ‘नाण्याला हातच लावू नये’ असा सरसकट नियम काढला जाण्याचा संभव आहे. तोही बरोबर नाही. तांबे व ब्राँझच्या नाण्यांना होणारा एक विकार असा आहे की, त्यात स्वस्थ बसणे म्हणजे नाणे गमावणे होय. जमिनीतील क्षारांमुळे नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड साचलेले असते. जमिनीत ते शांत असते. नाणे बाहेर निघून हवेतील प्राणवायू व दमटपणा यांच्या संपर्कात आले की त्यापासून फिकट हिरवी भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. हे आम्ल आणखी तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड बनते, आणि हे चक्र नाणे संपेपर्यंत चालते. यालाच ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर हा निरोगीपणाचा, तर बोटाला लागणारी फिकट हिरवी पूड हा रोगाचा लक्षणविशेष समजावा. अशा नाण्यावर बेंझोट्रायझोलसारख्या रसायनाचा उपचार प्रयोगशाळेत केला जातो. हे रसायन आरोग्यास अपायकारक असल्याने घरी वापरण्याजोगे नाही. तोपर्यंत नाणे सिलिका जेलसह हवाबंद डबीत, म्हणजेच सुमारे ४० टक्क्यांहून कमी सापेक्ष आर्द्रतेत ठेवणे हा साधा उपाय आहे. कोकणातील व गोव्यातील पावसाळी हवेत तो वर्षातील निदान चार महिने अनिवार्य मानावा.

प्रयोगशाळेतील स्वच्छता आणि घरातील स्वच्छता यांत फरक रसायनांचा कमी आणि निर्णयाचा अधिक आहे. संवर्धक सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी एक कण हलवितो, कोठे थांबावयाचे ते आधी ठरवितो आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतो. क्षारांच्या थरात कधी कापडाच्या विणीचा ठसा टिकून राहिलेला असतो. नाणी पिशवीत बांधलेली होती, हे त्यावरून कळते. चिंचेच्या कोळात ही पिशवी पहिल्या मिनिटालाच विरघळते.

कायदा आणि त्यातील विसंगती

भारतात भूमिगत निधीसंबंधी १८७८ चा कायदा लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे मूल्य, स्थळ व दिनांक यांची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे आणि निधी सरकारी कोषागारात जमा करणे अथवा त्याबद्दल हमी देणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावास वा दंड, किंवा दोन्ही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे हा पुरावशेष ठरतो आणि खाजगी व्यक्तीस त्याची निर्यात करता येत नाही. संरक्षित स्थळांच्या हद्दीत परवान्याविना खणणे तर गुन्हाच आहे. तेथे यंत्र घेऊन फिरण्यास छंद म्हणता येणार नाही.

परंतु १८७८ च्या कायद्यात एक कलम असे आहे की, त्याचा परिणाम कायद्याच्या हेतूच्या विरुद्ध दिशेने होतो. शासनास निधी संपादन करावयाचा असेल तर निधीतील धातूची किंमत आणि तिच्या एक-पंचमांश एवढी जादा रक्कम द्यावयाची, असे हे सूत्र आहे. सोन्याच्या मोहरेच्या बाबतीत ते कदाचित सुसह्य वाटेल. काही ग्रॅम वजनाच्या शिशाच्या सातवाहन नाण्याला या सूत्राने जे मोल येईल त्यात चहाही मिळणार नाही. त्याच नाण्याला संग्राहकांच्या बाजारात कितीतरी अधिक किंमत येते, आणि ते स्वच्छ दिसले तर आणखी अधिक. म्हणजे प्रामाणिकपणे कळविणाऱ्याला कचेरीच्या खेपा आणि नाममात्र मोबदला, तर घासूनपुसून गुपचूप विकणाऱ्याला रोख रक्कम. अशा स्थितीत नाण्याचे स्थळ लपविले जाणे व त्याची स्वच्छता होणे या दोन गोष्टी हातात हात घालूनच येणार.

इंग्लंडमध्ये १९९६ चा निधिविषयक कायदा १९९७ पासून अमलात आला. त्यानुसार सापडल्यापासून चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्यास कळवावे लागते. मात्र संग्रहालयाने निधी घेतल्यास बाजारभावाने मूल्य ठरते व ते सापडणारा आणि जमीनमालक यांत वाटले जाते. फ्रोमच्या निधीचे मूल्य ३,२०,२५० पौंड ठरविण्यात आले. कायद्याच्या कक्षेत न बसणाऱ्या सुट्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदीसाठीही तेथे १९९७ पासून स्वतंत्र योजना आहे. या पद्धतीवर तेथील पुरातत्त्वज्ञांचे आक्षेप आहेत. यंत्रधारकांना ती एक प्रकारे उत्तेजन देते, हा त्यांतील प्रमुख होय. आक्षेपात तथ्य आहे. तरीही मोबदला बाजारभावाशी जोडलेला असल्याने सापडणाऱ्याला थांबणे परवडते, ही बाब नाकारता येत नाही. यंत्रांवर बंदी घालण्यापेक्षा एक-पंचमांशाचे ते कलम बदलणे आपल्याकडे अधिक फलदायी ठरेल.

महाविद्यालयीन स्तरावरील नोंद

ग्रामीण महाविद्यालयांतील इतिहास विभागांकडे विद्यार्थी अनेकदा शेतात सापडलेले नाणे घेऊन येतात. त्या वेळी मिळणारी माहिती पुन्हा कधीही मिळत नाही. गट क्रमांक, बांधापासूनचे अंदाजे अंतर, जमीन काळी की पांढरी, खोली, सोबत खापरे वा विटा होत्या काय, नाणे एकटे होते की अनेक, ते धुतले आहे काय आणि कशाने, एवढ्या गोष्टी तेथल्या तेथे लिहून घ्याव्यात. धुतले असल्यास विद्यार्थ्यास रागावू नये. पुढच्या वेळी तो खोटे सांगेल किंवा येणारच नाही. नाण्याचे दोन्ही बाजूंचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, वजन दशांश ग्रॅमपर्यंत घ्यावे आणि सुटलेली मातीही वेगळ्या पुडीत ठेवावी. नाण्यांची संख्या अधिक असेल तर विभागाने ती मोजण्याच्याही आधी विद्यार्थ्याच्या पालकांसमवेत तहसील कचेरी गाठावी आणि उरलेले मडके जागच्या जागी राहील हे पाहावे.

ज्या विभागांत पूर्वीपासून संग्रह आहे तेथे एक तपासणी लगेच करण्यासारखी आहे. बाजारात मिळणाऱ्या नाण्यांच्या वह्यांची पारदर्शक पाने पुष्कळदा मऊ पीव्हीसीची असतात. हे प्लास्टिक जुने झाले की त्यातून आम्लधर्मी द्रव्ये पाझरतात व तांब्याच्या नाण्यांवर चिकट हिरवा लेप चढतो. पाने हाताला चिकट लागत असतील वा त्यांना उग्र वास येत असेल, तर नाणी काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावीत, आणि जुन्या पानावर लिहिलेला क्रमांक पाकिटावर उतरवून घेतल्याशिवाय ते पान टाकू नये.